चौदा नंबरची पेटी

मधमाश्यांची पेटी उघडण्याआधी माणसं धूर करतात. वाळका पाला, पोत्याचा तुकडा, जे हाताला लागेल ते धुराड्यात पेटवतात, भात्याने दोन फुंकरा मारतात आणि माश्या गांगरून खाली बसल्या की झाकण उचलतात. गुणगुणेनाना धूर करत नाहीत. ते पेटीच्या लाकडावर तळहात टेकवून उभे राहतात आणि नाकातल्या नाकात एक सूर धरतात. त्याला गाणं म्हणता येणार नाही, कारण त्याला ना चढ ना उतार. पाण्याला उकळी फुटण्याआधी भांडं कुजबुजतं, तसा तो आवाज. सूर पेटीतल्या आवाजात मिसळला की नाना झाकण उचलतात. माश्या त्यांच्या मनगटावर चालतात, मिशांवरून उतरतात, कानाच्या पाळीवर घटकाभर विसावतात आणि आपल्या कामाला जातात. चावत नाहीत असं मात्र नाही.

"चावल्या तर चावल्या," नाना म्हणतात. "घर त्यांचं, झाकण मी काढलं."

तरुणपणी ते कालव्याची दारं उघडायच्या नोकरीत होते. एका उन्हाळ्यात दार उचलण्याच्या लोखंडी चाकालाच मोहोळ येऊन बसलं. खाली शेतं पाण्यासाठी तोंड वासून पडलेली आणि वर चाकाला हात लावायची सोय नाही. लोक म्हणाले, टेंभा लावा. नानांनी कुणाचं ऐकलं नाही. एक रिकामा खोका आणला, चाकापाशी बसले आणि अर्धी सकाळ नुसते बसून राहिले. शेवटी हातांच्या ओंजळीने माश्या खोक्यात उतरवल्या, जशा कुणी झोपलेल्या पोराला एका अंथरुणावरून दुसऱ्यावर ठेवावं. पाणी सुटलं. नोकरी पुढे बरीच वर्षं चालली, पण माणूस त्या दिवसापासून माश्यांचा झाला.

परिसरात मधाच्या पेट्या ठेवणारे पुष्कळ, पण नाव निघायचं ते दोघांचं. एक नाना आणि दुसरे कालव्यापलीकडचे एक गृहस्थ, जे पुढे त्यांचे व्याही झाले. व्याह्यांचा धुरावर फार विश्वास. ते पेटी उघडायला निघाले की लांबून वाटावं, रानात काही पेटलंय.

"माश्यांना खोकला लावलाय त्या माणसाने," नाना म्हणायचे.

"हा गातो म्हणून माश्या मध देतात असं त्याला वाटतं," व्याही म्हणायचे. "तो गप्प बसावा म्हणून देतात त्या."

अशा दोघांपैकी एकाचा मुलगा आणि दुसऱ्याची मुलगी. मधपाळांच्या संघाच्या शेडमध्ये मध गाळायचं यंत्र पाळीपाळीने वापरायला मिळतं. त्या यंत्राचा दांडा फिरवता फिरवता ही दोघं एकमेकांची झाली. दोन्ही बापांचं आयुष्यात एकदाच एकमत झालं, की हे लग्न होऊ नये. लग्न झालं.

सूनबाई नानांच्या घरी आली ती संगणक घेऊनच. शहरातल्या एका कंपनीचं काम ती घरून करते. बसायला जागा मिळाली ती मागची खोली, जिथे पूर्वी मेण वितळवायचे. भिंतींना अजून तो वास आहे, उन्हात ठेवलेल्या जुन्या मेणबत्तीसारखा. तिथे तिने खिडकीखाली टेबल टाकलं. दुपारी नाना दारात उभे राहून तिची बोटं बघायचे. "माझ्यापेक्षा हिच्या बोटांना जास्त माश्या चावल्यात बहुतेक," ते आपल्या बायकोला, म्हणजे सूनबाईच्या सासूबाईंना, म्हणायचे. "थांबतच नाहीत."

आता संघाच्या फळ्याबद्दल सांगितलं पाहिजे. शेडमध्ये भिंतभर फळा होता. कुणाच्या पेट्या किती, कुठे ठेवल्या आहेत, मध किती निघाला, रोग आहे का, हे प्रत्येकाने त्यावर लिहायचं. त्यावरून फुलोऱ्याच्या रानात पेट्या न्यायला ट्रक ठरायचा आणि कुठे साथ दिसली तर औषध मागवलं जायचं. हेतू चांगला, पण लिहिणार कोण? आपली फुलांची जागा फळ्यावर लिहिली तर उद्या शेजारचा तिथे पेट्या मांडून मोकळा. रोग लिहिला तर मध कुणी घेणार नाही. म्हणून सगळे बेधडक खोटं लिहीत. फळ्यावर कधी एक पेटी आजारी पडली नाही. ट्रक यायचा आणि अर्धा रिकामा जायचा.

सूनबाईने संघाला एक साइट बनवून दिली. प्रत्येक पेटीला नंबर, प्रत्येक नंबरचं एक पान. ज्याची पेटी, त्यालाच ते पान दिसणार. संघाला फक्त बेरीज कळणार, की अमुक बाजूला इतक्या पेट्या हलवायच्या आहेत, तमुक बाजूला कीड आहे. नाव नाही, गाव नाही.

"आणि तुला?" सभेत कुणीतरी विचारलं. "तू तर बनवणारी. तुला सगळ्यांचं दिसणार."

"दिसू शकतं," ती म्हणाली. "मी बघणार नाही."

"बापाचं पण नाही?"

"बाबांचं तर अजिबात नाही. ते मला रोज फोनवर न विचारता सांगतात, तेवढंच पुष्कळ आहे."

लोक हसले आणि लिहू लागले. आणि गंमत बघा, कुणाला दिसत नाही म्हटल्यावर माणसं खरं लिहू लागली. बेरीज जुळायला लागली. ट्रक भरून जाऊ लागला. किडीचं औषध कीड पसरायच्या आत आलं. फळा शेडच्या मागे गेला आणि त्यावर कोंबड्या बसू लागल्या.

साइट सुरू होण्याच्या आदल्या दिवशी सूनबाईने नानांना मेणाच्या खोलीत बोलावलं होतं. "मामा, एक काम करा. तुमच्या लॉगिनने आत जा आणि बाबांची एखादी पेटी उघडायचा प्रयत्न करा. इथे वर पत्त्याच्या पट्टीत नंबर आहे ना, तो बदलायचा. उघडली नाही पाहिजे." आणि तिचा फोन वाजला म्हणून ती अंगणात गेली.

नाना टेबलाशी बसले. व्याह्यांचा चौदा नंबर त्यांना पाठ होता, त्या माणसाची सगळ्यात जुनी पेटी, जिच्यातून त्याच्या निम्म्या पेट्या फुटून निघाल्या. नानांनी बोट उचललं. मग मनात म्हणाले, त्याच्या पेटीत डोकावू? मी? उद्या त्याला कळलं की माझ्या पेटीचं पान हा उघडून बघत होता, तर तोंड दाखवायला जागा राहील का? बोट त्यांनी खाली ठेवलं आणि मिशीवरून फिरवलं.

"काय मामा, उघडली का?" सूनबाईने आत येत विचारलं.

"नाही उघडत."

"नक्की?"

"अगं सांगितलं ना, नाही उघडत!"

तिने आपल्या बाजूने यादी तपासलेली होती. प्रत्येकाला यादीत आपल्याच पेट्या दिसत होत्या. उरलेलं नानांनी तपासलं, असं तिने धरलं. सासऱ्याच्या शब्दावर कोण शंका घेणार?

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. नानांना साइटचा नाद लागला. संध्याकाळी ओट्यावर बसून, चष्मा कपाळावर चढवून, ते मोबाइलमध्ये लिहायचे. मात्र यादीतून पेटी शोधायची, पुढे जायचं, मागे यायचं, या भानगडीत ते पडत नसत. सूनबाईने त्या दिवशी वरच्या पट्टीतला नंबर दाखवला होता, तेवढंच त्यांनी उचललं. जी पेटी हवी तिचा नंबर पट्टीत टाकायचा की झालं. त्यांची लाडकी पेटी एक्केचाळीस. एका संध्याकाळी चष्मा कपाळावर, बोट जाडं, आणि एक्केचाळीसच्या जागी पडलं चौदा.

पान उघडलं.

नाना वाचू लागले. दोन ओळी वाचेपर्यंत त्यांना वाटलं की हे आपणच कधीतरी लिहिलंय आणि विसरलोय. मग त्यांनी वरच्या पट्टीतला नंबर पाहिला. तिथे लिहिलं होतं: "राणी दिसत नाही. अंडी नाहीत. माश्यांचा आवाज रडवा येतो. धूर कमी करून बघितला, फरक नाही. राणीघर लावायला हवं, पण माझ्या एकाही पेटीत सध्या राणीघर नाही. त्या गुणगुण्याकडे असेल. विचारणार नाही."

राणी गेलेली पेटी बाहेरून कळत नाही. माश्या येतात, जातात, फुलांवर बसतात. पण आत नवी अंडी पडत नाहीत, आणि माशीचं आयुष्य किती? थोड्याच आठवड्यांत जुन्या माश्या गळतात, नव्या येत नाहीत आणि पेटी रिकामी होते, भाडेकरू निघून गेलेल्या खोलीसारखी. उपाय एकच. दुसऱ्या भरलेल्या पेटीतून राणीघर आणायचं. राणीघर म्हणजे पोळ्याला खालच्या अंगाने लोंबणारी, भुईमुगाच्या शेंगेएवढी मेणाची कोठडी, जिच्यात नवी राणी निजलेली असते. नानांच्या एक्केचाळीसमध्ये तेव्हा अशा तीन शेंगा लोंबत होत्या.

नानांनी मोबाइल उपडा ठेवला. परत उचलला. परत ठेवला.

"काय झालं? विंचू आहे का त्यात?" सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या.

"अगं, समज, तुला कुणाचं काही कळलं, जे तुला कळायला नको होतं. आणि तू मदत करू शकतेस. पण मदत केली तर त्याला कळणार की तुला कळलंय."

"कोण आजारी आहे?"

"कुणी नाही. उदाहरण देतोय."

"तुम्ही आयुष्यात उदाहरण दिलं नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "सरळ जा आणि काय मदत करायची ती करून या."

दुसऱ्या दिवशी नाना सहज म्हणून कालव्यापलीकडे गेले. इतक्या वर्षांत ते सहज म्हणून तिकडे कधी गेले नव्हते. व्याही अंगणात पोळं धरायच्या लाकडी चौकटींना तार ओढत बसले होते.

"या व्याहीबुवा. वाट चुकलात?"

"फिरायला निघालो होतो. काय म्हणतात पेट्या?"

"झकास."

"राण्या वगैरे ठीक?"

व्याह्यांची तार हातातच थांबली. "राण्यांना काय धाड भरलीय? अशा अंडी घालतायत की चौकटी पुरत नाहीत."

"वा."

"तुमच्या?"

"आमच्या पण झकास. उलट राणीघरं जास्त झालीत. तीन-तीन. मोडून टाकावी लागणार." नानांनी हे वाक्य वाटेत चारदा म्हणून बघितलं होतं. "कुणाला हवं असेल तर... म्हटलं, फुकट जाण्यापेक्षा..."

"आम्हाला काय करायचंय?" व्याही तार करकचून ओढत म्हणाले. "लागेल एखाद्या नवशिक्याला."

संपलं. पुढे बोलायला जागाच ठेवली नाही त्या माणसाने. नाना चहा पिऊन परत आले आणि वाटभर त्यांना वाटत राहिलं की ती पेटी रोज थोडी थोडी ओसरते आहे आणि तिच्या मालकाला आणि आपल्याला, दोघांनाही ते माहीत आहे, आणि दोघंही झकास म्हणतायत.

मग त्यांनी ठरवलं की न सांगता करायचं. व्याही जेवण झालं की आडवे होतात, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. कारण त्यांच्या घोरण्याने कालव्यावरचे बगळे उठतात. त्या वेळेला नानांनी एक्केचाळीसमधलं राणीघर पोळ्याच्या तुकड्यासकट अलगद कापलं, कापसात गुंडाळलं, शेंग वर-खाली होऊ नये म्हणून एका डबीत उभं बसवलं आणि ती डबी सदऱ्याच्या आत, छातीशी धरली. राणीघराला ऊब लागते. धक्का चालत नाही. म्हणून नाना चालले ते भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखे. वाटेत दोघांनी विचारलं, "नाना, छातीत दुखतंय का?"

चिंचोळ्या शेताच्या बांधावर व्याह्यांच्या पेट्या ओळीने मांडलेल्या होत्या. चौदा नंबर कडेला, रंग उडालेली. नानांनी तिच्यावर तळहात टेकवला. आत खरंच रडवा आवाज होता. एक सूर नाही, नुसती घालमेल. त्यांनी आपला सूर धरला आणि झाकणाला हात घातला.

"शाब्बास," मागून आवाज आला. "भरदिवसा."

व्याही उभे होते. डोळ्यांत झोप नव्हती. पेटी अशी असताना कोण झोपेल?

"चोरी नाही ही," नाना म्हणाले.

"मग काय, पाहुणचाराला आलात?"

"चोरीच्या उलट आहे. आणून ठेवतोय." नानांनी सदऱ्यातून डबी काढून दाखवली.

व्याह्यांनी डबीकडे बघितलं, मग नानांकडे. चेहरा हळूहळू बदलला, आणि जो राग यायला हवा होता तो न येता दुसरंच काहीतरी आलं. ते बांधावर बसले.

"माझी राणी गेली हे मी कुणाला बोललो नाही. घरात पण नाही. फक्त तिथे लिहिलं, पोरीच्या भरवशावर. म्हणजे तिने तुम्हाला पण..." ते थांबले. "सासरची झाली ती. ठीक आहे. सांगा तिला, बापाच्या दारात यायची गरज नाही आता."

"तिने सांगितलं नाही."

"मग कुणी? पेटीने?" आणि तेवढ्यात व्याह्यांच्या मनात काही आलं असावं. त्यांनी मान वर केली. आवाजातली धार गेली. "का... आवाजावरून ओळखलंत? बांधावरून जाताना?"

आयुष्यभर ज्या माणसाने नानांच्या कानाची टिंगल केली, तो आज स्वतः विचारत होता. नुसतं हो म्हणायचं होतं. पोरीवरचा आळ गेला असता, आपली अब्रू राहिली असती आणि उरलेल्या आयुष्यात हा माणूस धुराडं पेटवताना प्रत्येक वेळी दचकला असता. नानांच्या तोंडात हो आलं होतं. त्याची चवसुद्धा लागली होती, आणि चव गोड होती.

पण हो म्हटलं तर ते भोक तसंच उघडं राहणार. आज चौदा नंबर, उद्या आणखी कुणाचा. आणि सूनबाई मात्र सगळ्यांना सांगत राहणार की कुणाचं कुणाला दिसत नाही.

"नाही," नाना म्हणाले. "वाचलं. मोबाइलवर. नंबर चुकला आणि तुमचं पान उघडलं. आणि दोष पोरीचा नाही. तिने मला आधीच तपासायला सांगितलं होतं, की व्याह्यांची पेटी उघडते का बघा. मी बघितलंच नाही. न बघता सांगितलं, उघडत नाही."

"का?"

"तुमच्या पेटीत डोकवायचं म्हणजे..." नानांनी मिशीवरून बोट फिरवलं. "लाज वाटली."

व्याह्यांनी बांधावरचं एक ढेकूळ उचलून फोडलं. मग म्हणाले, "सगळं वाचलंत?"

"सगळं."

"ते गुणगुण्या पण?"

"ते पण."

"हे बघा व्याहीबुवा," नाना पुढे म्हणाले, "तुम्हाला काय बोलायचं ते बोला, मी इथेच आहे. पण डबी गार होते आहे. भांडण नंतर, आधी राणी."

व्याही उठले आणि सवयीने धुराड्याकडे वळले. नानांनी काही म्हटलं नाही. व्याह्यांनी एकच फुंकर मारली, तीसुद्धा बाजूला. नाना गुणगुणले, पण हळू. मधली चौकट वर काढून दोघांनी ती दोन बाजूंनी धरली. राणीघराचा तुकडा काडीने पोळ्यात अडकवला. माश्या आधी बिथरल्या, मग एक-एक करून त्या शेंगेभोवती जमल्या आणि तिला अंगाने झाकू लागल्या. झाकण बसलं. मग दोघं बांधावर बसून मनसोक्त भांडले.

संध्याकाळी नाना मेणाच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. सूनबाईने ऐकून घेतलं. मग नानांच्या लॉगिनने आत जाऊन पट्टीत कुणाचा तरी नंबर टाकला. पान उघडलं. तिने लगेच बंद केलं, वाचलं नाही.

"यादी दाखवताना मी विचारते, की तू कोण आणि तुझ्या पेट्या कुठल्या," ती म्हणाली, बहुतेक स्वतःशीच. "पण थेट एका पेटीचं पान मागितलं, तर एवढंच विचारलं की हा माणूस संघाचा आहे ना? झालं, सोडला आत. आत कुठल्या खोलीत शिरतो ते कुणी बघतच नाही." तिने खुर्ची फिरवली. "मामा, मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"दोनदा विचारलं होतं."

"हो गं बाई."

"आणि नुसतं वाचता येत नव्हतं. दुसऱ्याच्या पानावर लिहितासुद्धा आलं असतं."

नाना गारच पडले. त्यांना ते सुचलंही नव्हतं. आतून सासूबाई म्हणाल्या, "मला म्हणे उदाहरण देतोय!"

दुरुस्तीला फार वेळ लागला नाही. आता कुठलंही पान मागितलं, वाचायला किंवा लिहायला, की आधी ती पेटी मागणाऱ्याची आहे का हे पाहिलं जाणार, आणि मगच पुढचं. पण सूनबाई तेवढ्यावर थांबली नाही. तिने संघाची सभा बोलावली.

"गुपचूप बुजवलंस तर कुणाला कळणार आहे?" नाना म्हणाले.

"मला कळलंय ना?" ती म्हणाली.

शेडमध्ये ती उभी राहिली आणि जे होतं ते सांगितलं. वर्षभर भोक होतं, आता नाही. चूक माझी, मी दुसऱ्यांदा स्वतः तपासायला हवं होतं. नाना उठून म्हणाले, "निम्मी माझी. चुकून एक पान मी वाचलंसुद्धा." कुजबूज झाली. एक जण चिडून म्हणाला, मी पुन्हा फळ्यावरच लिहिणार. दुसरा म्हणाला, फळ्यावर कोंबड्यांनी आधीच लिहिलंय. जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या एक मावशी म्हणाल्या, "माझी जागा कुणी बघितली असेल तर मला पण सांगा रे, मला त्या पेट्या मागच्या महिन्यापासून सापडत नाहीयेत."

"पण पाहिलं कुणी कुणी?" चिडलेल्या माणसाने विचारलं.

"कोण कुठल्या पानावर गेलं याची खूण राहते," सूनबाई म्हणाली. "मी ती तपासली. दोघांनी दुसऱ्याचं पान उघडलंय. एकांनी तुमच्यासमोर कबूल केलं. दुसऱ्यांचं नाव मी इथे सांगणार नाही. ज्यांचं पान पाहिलं गेलं, त्यांना सांगेन, की पाहिलं गेलंय. कुणी पाहिलं ते पाहणाऱ्याने स्वतः जाऊन सांगावं. चार दिवस देते, नाहीतर मग मी सांगेन."

व्याह्यांना तेव्हा खोकल्याची उबळ आली. धुराचा परिणाम असेल, असं सगळ्यांना वाटलं.

सभेनंतर तिने नानांना आणि व्याह्यांना मेणाच्या खोलीत शेजारी शेजारी बसवलं. "आता एकमेकांच्या पेट्या उघडा. जमेल तसं. सोडू नका." दोघांनी दुपारभर प्रयत्न केला. नानांनी चौदा टाकलं, उलटं टाकलं, मध्ये मोकळी जागा सोडून टाकलं. दर वेळी एकच ओळ येई: अशी पेटी सापडली नाही.

"सापडली नाही म्हणजे काय?" व्याही भडकले. "आहे की माझी पेटी! बांधावर आहे!"

"बाबा, परक्याला ती आहे हेसुद्धा कळायला नको."

"मग नीट लिही, मालकाला विचारा म्हणून."

"मालक झकास म्हणतो," नाना पुटपुटले.

सभेच्या दुसऱ्याच दिवशी सूनबाईने नानांना बाजूला घेऊन सांगितलं, की मामा, तुमचं एक्केचाळीस नंबरचं पान कुणीतरी पाहिलंय. नानांनी फार चौकशी केली नाही. माझ्यात लपवण्यासारखं काय आहे, म्हणाले. मात्र नंतर ओट्यावर बसून ते वर्षभरात आपण काय काय लिहिलं ते आठवत राहिले आणि एका जागी त्यांचा चेहरा अचानक पडला.

चौथ्या दिवशी सकाळी व्याही दारात आले. हातात मधाची बाटली, पायाला शेताची माती.

"शेंग फुटलीय," ते उभ्यानेच म्हणाले. "राणी बाहेर आलीय. लांब पोटाची, चपळ. धड दिसूसुद्धा देत नाही."

"आमच्याकडच्या तशाच असतात," नाना म्हणाले, आणि त्यांचे खांदे इतके खाली आले की सासूबाईंच्या लक्षात आलं, हा माणूस इतके दिवस खांदे वर धरून हिंडत होता.

व्याही बसले. पाणी प्यायले. आणखी पाणी मागितलं. मेणाच्या खोलीतला टकटक आवाज थांबला.

"दुसरा मी," ते म्हणाले.

"काय?"

"तुमचं पान बघणारा. पुष्कळदा बघितलं. मला आपलं वाटलं, की पोरीने मुद्दाम माझ्यापुरती फट ठेवलीय. लेक आहे, बापासाठी एवढं करेल. तिला विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारलं आणि तिने बंद केली तर? म्हणून गप्प बसलो. त्या दिवशी बांधावर मला राग राणीचा नव्हता आला. वाटलं, फट तिने दोघांनाही ठेवलीय."

आतून सूनबाईचा आवाज आला, "बाबा!" एवढंच.

नाना लाल झाले. पण त्यांना राग येतो आहे की दुसरं काही, हे त्यांचं त्यांनाही कळेना. त्यांनी हळूच विचारलं, "कुठपर्यंत वाचलंत?"

"सगळं. एक तर पाठ आहे." व्याह्यांनी बाटली दोघांच्या मध्ये ठेवली, घसा साफ केला आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हणून दाखवलं, "'व्याह्यांचा सूर्यफुलाचा मध चाखला. यंदा आपल्यापेक्षा चांगला आहे. कुठेही बोलू नये.'"

सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

"ते घाईत लिहिलं होतं," नाना म्हणाले.

"अस्सं."

"चमचा आधीच गोड होता."

"हे पान उघडायला मी आता येणार नाही, आणि मला येताही येणार नाही," व्याही उठत म्हणाले. "म्हणून बाटली आणलीय. परत चाखा, सावकाश. आणि या खेपेला जे वाटेल ते माझ्या तोंडावर सांगा."

नानांनी बाटलीचं झाकण काढलं, बोट बुडवलं आणि डोळे मिटले. अंगणात सगळे वाट बघत उभे होते, मेणाच्या खोलीच्या दारातली सूनबाईसुद्धा.

"बसा," शेवटी नाना म्हणाले. "थोडा वेळ लागेल."